पाठिंबा पदरमोड करून द्यायचा असतो



14 जानेवारीच्या नामविस्तार दिनाला जालन्यात मस्तगडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी अभिवादनाची गर्दी होते. सगळ्या पक्षांचे हार येतात आणि प्रत्येक जण स्वतःला चळवळीचा पाठीराखा म्हणवतो. त्या सगळ्यांना आम्ही एकच विचारतो. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 रोजी मंजूर केला होता. मग बाबासाहेबांचे नाव लागायला 14 जानेवारी 1994 का उजाडावा लागला? मंजुरी होती, सत्ता होती, पुढाऱ्यांची भाषणेही होती. ठराव होताच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. गावोगावी माणसे घरदार सोडून परागंदा झाली. त्या दिवसांत मनातून नामांतराच्या बाजूचे असलेले सवर्ण मराठवाड्यात थोडे नव्हते. पण शेजारची वस्ती जळताना मधे उभे राहणारे फार थोडे निघाले. ती सोळा वर्षे विरोधकांच्या जोराइतकीच या गप्प बसलेल्या पाठीराख्यांच्याही खाती जमा आहेत.

हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे कागदोपत्री खुले केले. तरी 20 मार्च 1927 च्या महाड सत्याग्रहापर्यंत त्या पाण्याला हात लावणे कोणा अस्पृश्याला शक्य झाले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरायची ठरली, तेव्हा मंडपाला कोणी जागा देईना. जागा दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. त्या परिषदेत मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने. नेतृत्व बाबासाहेबांचे होते आणि ते तसेच राहिले. या दोघांनी आपल्याजवळ जे होते ते दिले आणि आपल्याच लोकांचा रोष पत्करला. सक्रिय पाठिंबा म्हणतात तो हाच.

काही जण म्हणतात, ही दलितांची चळवळ, आम्ही मधे पडलो तर नेतृत्व बळकावल्यासारखे होईल. ही शंका प्रामाणिक असेल तर तिचे उत्तर सोपे आहे. मंचावर बसू नका, तुमचे काम मंचावर नाहीच. ते तुमच्या भावकीत आहे, पारावर आहे, लग्नाच्या पंगतीत आहे. जिथे दलित कार्यकर्त्याचा शब्द पोहोचत नाही तिथे तुमचा पोहोचतो. तिथेच तुम्ही गप्प बसलात तर पुतळ्याला घातलेल्या हाराला काय अर्थ उरतो?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावात राहायचे आहे, सोयरिकी आहेत, पोट आहे. एकट्याने काय होणार? ही भीती खोटी नाही आणि तिची टिंगल करणाऱ्यांतले आम्ही नाही. पण गाव दलितांवर टाकते तो बहिष्कार चालतो कसा ते पाहा. त्याला दुकानदाराने किराणा नाकारावा लागतो, शेतमालकाने काम नाकारावे लागते, गिरणीवाल्याने दळण परत पाठवावे लागते. प्रत्येकाची संमती हवी असते. म्हणून एकाच दुकानदाराने नेहमीसारखे धान्य मोजून दिले तरी बहिष्काराला खिंडार पडते. न्यायालयातही तेच. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 सालीच झाला. पण डोळ्यांदेखत पाहणारा साक्षीदार फितूर झाला की कायद्याच्या हाती काही राहत नाही. आणि तो साक्षीदार बहुधा गावातलाच, आरोपीच्या ओळखीतला असतो. एकट्या माणसाने काही होत नसते, तर त्याला फितवायला एवढा आटापिटा कोणी केला असता?

विद्यापीठाच्या नावाने पोट भरते का, असेही विचारले जाते. मराठवाड्यातल्या गोरगरिबांच्या पोरांसाठी ज्या बाबासाहेबांनी 1950 मध्येच औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला, त्यांचे नाव इथल्या विद्यापीठाला देणे ही खैरात नव्हती, ती देणेफेड होती.

तेव्हा या 14 जानेवारीला हार जरूर घाला. पण त्याआधी घरात ठरवा: तुमच्या गावात कोणावर बहिष्कार पुकारला गेला तर तुमचे दुकान, तुमची विहीर, तुमची गिरणी त्याच्यासाठी उघडी राहील, आणि साक्षीचे समन्स आले तर जे पाहिले तेच तुम्ही कोर्टात सांगाल.