फीत कापली, बाळाच्या श्वासाचे काय?

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्यात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळे गेली. त्याचा संताप तुम्हांला वेगळा सांगायला नको. आमचे भांडण आहे ते अशा प्रत्येक आक्रोशानंतरच्या ठरलेल्या उताऱ्याशी, म्हणजे नव्या यंत्रांच्या घोषणेशी. यंत्र आले की उपचार आला, हा सरकारी खरेदीचा लाडका समज आहे.

बाळाच्या श्वासाला आधार देणारे बबल सीपॅपच घ्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे दर उच्छ्वासाला मिटू पाहतात. उच्छ्वासाच्या नळीचे टोक 5 सेंटिमीटर पाण्यात बुडवले की जवळपास तेवढा दाब टिकतो आणि फुप्फुसे उघडी राहतात. सततच्या दाबाचा हा उपचार 1971 पासून छापून आलेला आहे. त्यात गूढ काही नाही. अवघड आहे ते पाण्यातले बुडबुडे थांबल्याचे रात्री तीन वाजता कुणाच्या तरी लक्षात येणे. बहुधा नाकातली नळी सरकलेली असते, नाहीतर मापाची नसते. तीच नळी दडपून बसवली, तर नाकाचा पडदा झिजतो. म्हणजे निरनिराळ्या मापांच्या नळ्या हव्यात, पाहणारी सिस्टर हवी आणि हवा-ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर हवा. नुसता सिलिंडर जोडला की निव्वळ ऑक्सिजन जातो, आणि अशा बाळाच्या डोळ्यांचा पडदा त्याने कायमचा बिघडू शकतो. 1940-50 च्या दशकांत श्रीमंत देशांनी हजारो मुलांची दृष्टी घालवून हा धडा घेतला. आपल्याला तो फुकटात मिळाला, तरी आपली काटकसर नेमकी ब्लेंडरवर!

‘काहीच नसण्यापेक्षा यंत्र तरी आले ना?’ असे विचारणारे शहाणे भेटतातच. गरीब देशांतली सुमारे 40 टक्के वैद्यकीय उपकरणे बंद असल्याचा अंदाज 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या राज्यवार मोजणीत 13 ते 34 टक्के नादुरुस्त निघाली. बंद यंत्रापेक्षा टेबल बरे, त्यावर निदान रजिस्टर ठेवता येते. दुसरा आक्षेप त्याहून संतापजनक: ‘सिस्टर निष्काळजी असतात.’ एकीच्या हाती डझनभर बाळे द्यायची आणि एक हुकले की तिलाच निलंबित करायचे, याला शिस्त म्हणत नाहीत, अंग काढून घेणे म्हणतात. देखभालीला पैसे नाहीत म्हणाल, तर मग खरेदीच अर्धी करा. चालणारी पाच यंत्रे धूळ खाणाऱ्या दहांपेक्षा जास्त बाळे वाचवतील.

तुमच्या जिल्ह्यात पुढची फीत कापली जाईल तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. ब्लेंडर आहे का, नळ्यांसाठी पुढच्या वर्षी किती तरतूद आहे, देखभालीचा करार कधी संपतो आणि रात्रपाळीला किती बाळांमागे एक सिस्टर असते, हे विचारा. उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.