आजोबांची चाल आणि इंग्रजीची क्रियापदे

शालान्त परीक्षेच्या तयारीसाठी बाजारात जी मार्गदर्शक पुस्तके मिळतात, त्यांच्या अखेरीस समानार्थी शब्दांची एक लांबलचक यादी जोडलेली असते, आणि अशा यादीत ‘स्टॅगर’, ‘टॉटर’, ‘रील’, ‘स्टम्बल’ व ‘लर्च’ या पाचही क्रियापदांची एकाच ओळीत बोळवण करून, त्यांच्यापुढे ‘अडखळत चालणे, झोकांड्या खाणे’ एवढा एकच अर्थ लिहून पुस्तककर्ता मोकळा झालेला असतो. ही यादी मुखोद्गत केलेला विद्यार्थी पुढे आपल्या वृद्ध आजोबांवर निबंध लिहावयास बसतो आणि मोठ्या ममतेने लिहून जातो की, आजोबा रोज सायंकाळी विठोबाच्या देवळातून ‘स्टॅगर’ करीत घरी येतात. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष असते. परंतु ते वाचणाऱ्या इंग्रजाच्या मनात त्या सत्त्वशील गृहस्थांविषयी भलताच संशय उत्पन्न होतो, आणि देवळाच्या वाटेवर एखादा गुत्ता तर नाही ना, अशी शंका त्याला चाटून जाते.

हा अपराध विद्यार्थ्याचा नव्हे. ज्याने त्याला अर्थ दिला पण वाक्य दिले नाही, त्याचा तो आहे. इंग्रजीत पाय स्थिर न पडण्याची जितकी कारणे, जवळजवळ तितकी क्रियापदे असल्यामुळे, चालणारा कोण, त्याचा तोल कशाने गेला आणि पाहणाऱ्याच्या मनात त्याच्याविषयी करुणा आहे की तुच्छता, या तीन गोष्टींची रुजवात झाल्याखेरीज योग्य शब्द हाती लागतच नाही. ‘स्टॅगर’ हे क्रियापद अंगात मुळात बळ असलेल्या माणसाला शोभते: पाठीवर धान्याचे पोते घेतलेला हमाल, जबड्यावर ठोसा बसलेला मल्ल, किंवा मद्याच्या अंमलाखाली असलेला इसम, म्हणजे ज्याच्या शक्तीवर कोणत्या तरी अधिक प्रबळ गोष्टीने मात केली आहे असा. ‘टॉटर’मध्ये ते बळच उरलेले नसते, अथवा अद्याप आलेले नसते, म्हणून अतिवृद्ध माणूस टॉटर होतो, नुकते उभे राहू लागलेले मूल टॉटर होते, जुनी भिंत आणि खिळखिळे झालेले सिंहासनही टॉटर होते. आमच्या विद्यार्थ्याला हवा होता तो हा शब्द. त्याच्या शेजारीच ‘डॉडर’ म्हणून एक शब्द आहे, त्यातही वार्धक्य व कंप आहे. पण त्याच्यासोबत अशी काही हेटाळणी येते की, स्वतःच्या आजोबांविषयी तो कोणी सुज्ञ नातू वापरणार नाही. ‘टॉडल’ हा दुडुदुडु चालणाऱ्या बाळाचा शब्द. मात्र वुडहाउससारख्या विनोदकारांच्या कथांतील निरुद्योगी श्रीमंत तरुण क्लबातून घरी जावयास निघतात तेव्हा तेही ‘टॉडल’ करीतच निघतात, आणि त्यांच्या बौद्धिक वयाविषयी लेखकाला जे सुचवावयाचे असते ते त्या एका क्रियापदात सुचविले जाते.

‘लर्च’ची गोष्ट निराळी आहे. ‘स्टॅगर’ करणारा माणूस पाच-पंचवीस पावले तसा चालत राहू शकतो. ‘लर्च’ हा एकच, एकाएकी बसणारा हिसका असतो, आणि शब्द दर्यावर्दी लोकांच्या बोलीतून आलेला असल्यामुळे त्यात एका बाजूला कलंडणाऱ्या गलबताची हालचाल अजून शिल्लक आहे. घाटातील वळणावर एस. टी. ज्या रीतीने अंग टाकते तो लर्च. कुणाला ‘लर्चमध्ये सोडून जाणे’ हा जो इंग्रजी वाक्प्रचार आहे, त्याचा मात्र या हिसक्याशी काडीचाही संबंध नाही. तो लर्च सोंगट्यांच्या एका जुन्या फ्रेंच खेळातून आला, ज्यात पार मागे पडून हरलेल्या गड्याला त्या नावाने ओळखीत.

‘लिम्प’ आणि ‘हॉबल’ यांच्यातील भेद तर आमच्या इंग्रजी माध्यमाच्या पदवीधरांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. लिम्प हा एका पायाचा विकार आहे. त्यात एक पाऊल पुरते व एक पाऊल अपुरे पडत असल्याने चालीला विकृत का होईना पण लय असते, आणि ज्या प्राचीन ग्रीक वृत्ताचा शेवटचा चरणांश मुद्दाम उलटा टाकीत, त्याला ग्रीकांनीच ‘लंगडे’ असे नाव दिले होते, ते याच लयभंगामुळे. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातील हिप्पोनॅक्स या एफेससच्या कवीने ते शिवीगाळीच्या कवितेसाठी वापरले, आणि शिवीला ते शोभलेही. हॉबल करणाऱ्याचे बहुधा दोन्ही पाय दुखत असतात, किंवा जोडा चावत असतो, किंवा पाय बांधलेलेच असतात. चरावयास सोडलेल्या घोड्याच्या पायांत जो दोर अडकवितात, तो म्हणजे आपला पायबंद, त्याचेही इंग्रजी नाव हॉबल. १९१० च्या सुमारास युरोपातील श्रीमंत स्त्रियांमध्ये घोट्यापाशी इतक्या आवळलेल्या घागऱ्याची चाल पडली की, वीतभराहून मोठे पाऊल टाकणे मुश्कील व्हावे. त्या घागऱ्यालाही हेच नाव मिळाले. ज्या वर्षांत इंग्लंडातील स्त्रिया मताधिकारासाठी रस्त्यावर मिरवणुका काढीत होत्या, त्याच वर्षांत फॅशनने त्यांना पायबंद घालावा, यात मला तरी निव्वळ योगायोग दिसत नाही.

हे सर्व कोशात असते का? असते, पण कोशाच्या व्याख्येत नव्हे, तिच्याखालील उदाहरणवाक्यांत असते. डॉ. जॉन्सनने १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशात लाखाहून अधिक अवतरणे दिली, ती केवळ पांडित्यप्रदर्शनासाठी नव्हेत; शब्द कोणाच्या संगतीत वावरतो ते दाखविल्यावाचून त्याची ओळख पटत नाही, हे त्याने जाणले होते. मोल्सवर्थने आरंभिलेला आणि कँडीने पुरा केलेला १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश हा आपल्या भाषेवर झालेला मोठा उपकार खरा, परंतु तो होता मराठी जाणू इच्छिणाऱ्या साहेबासाठी. इंग्रजी लिहू इच्छिणाऱ्या मराठी माणसाची अडचण त्याच्या कर्त्यांपुढे नव्हती. परक्या भाषेत लिहावे लागणाऱ्याची ही अडचण ओळखली ती ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाने, आणि तीही इंग्लंडात नव्हे, जपानात विद्यार्थ्यांना शिकविताना. १९४२ मध्ये तोक्योत निघालेल्या त्याच्या कोशात प्रत्येक क्रियापद वाक्याच्या कोणकोणत्या घडणीत बसते याची नोंद होती. १९४८ मध्ये तोच कोश ऑक्सफर्डने काढला आणि आपल्याकडील ग्रंथालयांतून अद्यापही त्याच्या पुढील आवृत्त्यांची पाने उलटली जातात. तर्खडकरांच्या पाठमालेने आपल्या कित्येक पिढ्यांना भाषांतर शिकविले. शब्दाची संगत शिकविण्याचे काम मात्र तसेच राहून गेले.

वाक्यघडणीचा भेद तर अर्थभेदाहूनही खोल आहे. आपण म्हणतो, ‘तो झोकांड्या खात आत आला’: येथे मुख्य क्रियापद ‘आला’ हे आहे, आणि झोकांड्या त्याच्या दिमतीस उभ्या आहेत. इंग्रज म्हणतो, ‘ही स्टॅगर्ड इन’. त्याच्या वाक्यात झोकांडी हीच क्रिया होते आणि ‘आत येणे’ हे सारे काम ‘इन’ या दोन अक्षरी अव्ययावर सोपविले जाते. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये जगातील भाषांचे जे वर्गीकरण मांडले ते याच भेदावर उभारलेले आहे: काही भाषा गतीची दिशा क्रियापदात ठेवतात, काही ती अव्ययाकडे देऊन क्रियापद गतीच्या तऱ्हेसाठी राखून ठेवतात. इंग्रजी दुसऱ्या वर्गातील. म्हणूनच तिच्यात चालण्याच्या तऱ्हांची एवढी क्रियापदे साठली, आणि म्हणूनच आपला विद्यार्थी ‘ही केम इनसाइड स्टॅगरिंग’ असे लिहितो, जे चूक म्हणून कापताही येत नाही आणि बरोबर म्हणून सोडवतही नाही. मराठी या बाबतीत दरिद्री आहे असे मात्र कोणी समजू नये. लटपटत, डगमगत, भेलकांडत, ठेचकाळत, फेंगडत, खुरडत ही आपली संपत्ती थोडी नाही, फक्त ती ‘त’ प्रत्यय लावून दुय्यम जागी बसविण्याची आपली वहिवाट आहे.

चालीचा शब्द माणसाला सोडून कचेरीत शिरला की त्याचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर पुन्हा स्टॅगरकडेच वळावे लागेल. लटपटणारी पावले सरळ रेषेत न पडता एक इकडे, एक तिकडे अशी पडतात. या एवढ्या साम्यावर ‘स्टॅगर्ड’ म्हणजे पुढेमागे ठेवलेले असा अर्थ रूढ झाला. चारशे मीटरच्या शर्यतीत बाहेरच्या वळणावरील धावपटूला पुढे उभे करतात ती सुरुवात स्टॅगर्ड. गर्दी फुटावी म्हणून कचेऱ्यांच्या वेळा मागेपुढे कराव्यात अशी जी तजवीज मुंबईत वारंवार चर्चेत येते, त्या वेळाही स्टॅगर्ड. आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त व्हावेत अशी राज्यसभेची जी रचना आहे, तीही स्टॅगर्डच. दारुड्याच्या चालीतून इतका शिस्तबद्ध शब्द निघालेला मी दुसरा पाहिला नाही. ‘वॉडल’ हा बदकाचा शब्दही असाच बाजारात गेला. अठराव्या शतकातील लंडनच्या रोखेबाजारात देणे न फेडता तोंड लपविणाऱ्या सटोडियाला लंगडे बदक म्हणत, आणि तो बाजारातून फेंगडत बाहेर पडला असे सांगत. होरेस वॉल्पोलच्या १७६१ मधील एका पत्रात हे बदक बैल व अस्वल यांच्या सोबतीने हजर आहे. पुढे अमेरिकेने ते राजकारणात नेले, आणि १९३३ मध्ये ज्या घटनादुरुस्तीने नव्या अध्यक्षाचा शपथविधी ४ मार्चवरून २० जानेवारीवर आणला, तिलाही लोक लंगड्या बदकाची दुरुस्ती म्हणू लागले.

आपल्या इंग्रजी वृत्तपत्रांनी या साऱ्या भांडारातून दोनच शब्द उचलले आहेत. विदर्भ दर वैशाखात उन्हाखाली ‘रील’ होतो, आणि मुंबई दर पावसाळ्यात ‘लिम्प’ करीत पूर्वपदावर येते. पहिल्याविषयी माझी तक्रार नाही. नागपूरच्या उन्हाने डोके गरगरते हे खरेच आहे. दुसऱ्याविषयी मात्र आहे. जहाज लिम्प करीत बंदरात येते तेव्हा त्याचा स्वतःचा कुठला तरी अवयव निकामी झालेला असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लक्षावधी माणसे कंबरभर पाण्यातून रात्रभर चालत घरी गेली. त्यांच्या पायांत दोष नव्हता. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने जे मांडले ते मिठी नदीच्या पात्रावरील अतिक्रमण आणि अपुऱ्या पडणाऱ्या गटारांविषयी होते, म्हणजे वाटेतल्या अडथळ्यांविषयी होते, आणि अडथळ्यावर पाय अडून तोल गेला तर इंग्रजीत ‘स्टम्बल’ म्हणतात. उपसंपादकांनी एकदा तो शब्द मथळ्यात घालून पाहावा. लिम्पनंतर ‘बॅक टू नॉर्मल’ असे लिहून सुटता येते. स्टम्बल लिहिले की त्याच्यामागून ‘ओव्हर’ येतो, आणि ओव्हरच्या पुढे कशावरून ठेच लागली त्या वस्तूचे नाव लिहावेच लागते.

— पदयात्री