खुनी कळल्याशिवाय झोप कुठली?

शुक्रवारी रात्री ऑफिसातून दमून आल्यावर माणसानं काय बघावं? काहीतरी हलकंफुलकं, हो ना? आणि आपण लावतो काय, तर खुनाची गोष्ट! पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट ऐकत ऐकत जेवायचं आणि ‘थांब गं, खुनी कळू दे’ म्हणत एक पोळी जास्त खायची. माझी रूममेट आणि मी यात पीएचडी आहोत.

हे वेड नवं नाही, बरं का. आपल्या आजोबांच्या पिढीनं बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा फडशा पाडला. अर्नाळकरांनी लिहिल्याही हजाराच्या वर! रहस्यकथेचा फंडा सोपा असतो. शेवटच्या पानावर सगळा हिशेब चोख जुळतो. आपल्या पगाराचा कधी जुळतो का तसा?

पण खऱ्या गुन्ह्यांचं काय? तिथे मजा कसली, तरी आपण चिकटून बसतोच. अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली या मानसशास्त्रज्ञांचा २०१० मधला अभ्यास सांगतो, की अशी पुस्तकं पुरुषांपेक्षा बायकांना जास्त खेचतात. त्यातही जीव वाचवायची युक्ती सांगणारं पुस्तक त्या आधी उचलतात. म्हणजे आपण नुसता खुनी शोधत नसतो, धडा शोधत असतो.

मग धडा कुठला? पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड घ्या. १९७६-७७ मध्ये दहा खून झाले. अनोळखी मारेकऱ्याच्या धास्तीनं पुणेकर संध्याकाळीच कड्या लावून बसू लागले. शेवटी पकडले गेले ते टिळक रोडवरच्या कला महाविद्यालयातले विद्यार्थी. चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. आणि त्यांचा पहिला बळी कोण होता? त्यांच्याच कॉलेजातला मुलगा. ओळखीचा!

बायकांच्या बाबतीत तर ओळखीचा माणूसच जास्त घातक ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ८५ हजार स्त्रिया आणि मुलींचे खून झाले. त्यातल्या ५१ हजारांहून अधिक जणींना जोडीदारानं किंवा घरातल्याच कुणीतरी मारलं.

आपण मात्र रात्री कॅबचा नंबर मैत्रिणीला पाठवतो, पार्किंगमध्ये चालताना किल्ली मुठीत धरतो. ते कराच. पण नवऱ्याचा फोन आला की जिचा चेहरा उतरतो, बॉयफ्रेंड जिचा मोबाइल रोज तपासतो, तिच्याबद्दल काय म्हणतो आपण? ‘जाऊ दे यार, त्यांचं पर्सनल आहे.’ सीरियलमध्ये हाच क्लू आपण पहिल्या दहा मिनिटांत पकडला असता!

तेव्हा डिटेक्टिव्ह व्हायचंच असेल, तर सोमवारी लंच अवरमध्ये व्हा. तिला जरा बाजूला घ्या आणि एवढंच विचारा, ‘घरी सगळं ठीक आहे ना गं?’

उत्तर यायला वेळ लागेल. थांबा. खुनी कळावा म्हणून रात्री तीनपर्यंत थांबताच की!