आठवड्याचा क्रमांक : पद्धत सांगितल्याशिवाय अपुरा

१/ दिवस पृथ्वीच्या फिरण्याने ठरतो, चांद्रमास चंद्राच्या कलांनी, वर्ष सूर्याच्या चक्राने. सात दिवसांच्या आठवड्याला आकाशात असा नेमका आधार नाही. तो माणसाने ठरवला आणि माणसानेच मोजत आणला.

२/ तरीही तो विलक्षण चिवट आहे. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांच्या सुधारणेने दहा तारखा गाळल्या. ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. वार मात्र शुक्रवारच होता.

३/ फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. १८०६ च्या पहिल्या दिवसापासून जुनी कालगणना पूर्णपणे परतली. सोव्हिएत सत्तेने १९२९ मध्ये पाच आणि १९३१ मध्ये सहा दिवसांचा आठवडा लादला. १९४० मध्ये पुन्हा सातच दिवस आले.

४/ वारांचा हा क्रम सत्तेला मोडता आला नाही. त्याला क्रमांक देणे मात्र तितके सरळ नाही. बावन्न आठवड्यांचे ३६४ दिवस होतात. उरलेला एक दिवस, लीप वर्षात दोन, ठेवायचे कोठे?

५/ १९८८ च्या आयएसओ ८६०१ या मानकाचे उत्तर असे : आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. आठवडा कधीच तुटत नाही; त्यासाठी ४०० वर्षांतील ७१ वर्षांना ५३ आठवडे मिळतात. म्हणूनच १ जानेवारी २०२१ हा दिवस २०२० च्या ५३व्या आठवड्यात मोडतो.

६/ भारतीय कृषिहवामानशास्त्रात वापरला जाणारा हवामान आठवडा नेमका उलट मार्ग धरतो. येथे १ ते ७ जानेवारी हाच नेहमी पहिला आठवडा, मग वार कोणताही असो. शेवटचा, ५२वा आठवडा आठ दिवसांचा; लीप वर्षात ९वाही आठ दिवसांचा. त्यामुळे २३वा आठवडा दरवर्षी ४ ते १० जून असाच राहतो.

७/ यांतली कोणतीही पद्धत चुकीची नाही. कारखान्याच्या वेळापत्रकाला वार हवा असतो. पेरणीच्या अभ्यासाला अनेक वर्षांचा पाऊस त्याच तारखांवर ताडून पाहायचा असतो. पावसाला सोमवारशी कर्तव्य नसते.

८/ धोका आहे तो पद्धत न सांगण्यात. १० जून २०२० ही तारीख आयएसओनुसार २४व्या आठवड्यात, तर हवामान आठवड्यानुसार २३व्यात येते. दोन नोंदवह्यांतील ‘आठवडा २४’ एकच मानून पाऊस आणि रोगराई यांचा संबंध जोडणारा अभ्यासक वेगवेगळे दिवस शेजारी मांडेल, आणि त्याचा निष्कर्ष दिसायला भक्कम, पण पायात पोकळ असेल.

९/ मोजणीची पद्धत तर भाषेतही मुरलेली असते. दिवस सात, पण मराठीत त्यांना नाव ‘आठवडा’. एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत दोन्ही टोकांचे दिवस धरले, की आठ भरतात.

१०/ इतिहासाचा विद्यार्थी जुन्या पत्रातली तारीख वाचताना शक कोणता, सन कोणता, हे आधी विचारतो. आठवड्याच्या क्रमांकालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. क्रमांक हे उत्तराचे अर्धेच अंग आहे. मोजणी कोठून सुरू झाली, हे दुसरे.