‘पिठासाठी बाटलेले’ : जालन्याचे बेथेल आणि एका जुन्या आरोपाचा पंचनामा

१/
गेल्या नाताळात आमच्या गारखेड्यातील एका रहिवासी गटावर एक संदेश फिरला. मजकूर दोन ओळींचा होता: मराठवाड्यातील ख्रिस्ती म्हणजे दुष्काळात पिठासाठी बाटलेले लोक आणि त्यांचे पाद्री म्हणजे इंग्रजांचे हस्तक. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. त्या गटात माझी आजीही आहे. तिने तो वाचला आणि काही न बोलता भ्रमणध्वनी उपडा ठेवला. हा धागा त्या दोन ओळींना उत्तर आहे. लांबला आहे, त्याला इलाज नाही.

२/
प्रथम माझी बाजू उघड करते, म्हणजे कोणी नंतर ‘शोधून’ काढावयास नको. मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे आणि ख्रिस्ती आहे. चार पिढ्यांपूर्वी आमचे घराणे जालन्याच्या बाजूचे मांग, आजच्या भाषेत मातंग, होते. तेव्हा मी तटस्थ नाही. परंतु तटस्थ नसलेल्या माणसालाही साल आणि संदर्भ पाळावेच लागतात, एवढे मान्य असेल त्याने पुढे वाचावे.

३/
असा आरोप झाला की आमच्यातील सुशिक्षित मंडळी एक ठराविक उत्तर देतात: “रेव्हरंड टिळक ब्राह्मण होते, पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी होत्या, नीळकंठशास्त्री गोरे काशीचे पंडित होते. ते काय पिठासाठी आले?” उत्तर खरे आहे, पण मला ते लाजिरवाणे वाटते. त्यात आपण न बोलता कबूल करतो की ब्राह्मणाचा धर्मबदल हा विचार आणि मांगाचा धर्मबदल हे पोट. म्हणजे आरोप करणाऱ्याचा जातीय तराजू आपण तसाच उचलतो आणि फक्त आपल्या बाजूचे वजन त्यात टाकतो. मी त्या वाटेने जाणार नाही. मी जालन्याला जाणार आहे. सूतगिरणी चौकापासून ते साठेक किलोमीटरवर आहे.

४/
आरंभ मात्र मुंबईतून करावा लागतो. १८४३. फ्री चर्च मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, तोही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. ‘पाद्री आणि सरकार एकच’ या सिद्धान्ताप्रमाणे निकाल काय लागावयास हवा होता? लागला तो उलट. इंग्रज न्यायालयाने मुलगा अल्पवयीन ठरवून वडिलांच्या हवाली केला.

५/
(प्रामाणिकपणासाठी: १८३९ च्या प्रकरणात धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाला त्याच मुंबईतील न्यायालयाने स्वतःच्या मर्जीने राहण्याची मुभा दिली होती. तो जाणत्या वयाचा मानला गेला, श्रीपत मानला गेला नाही. कंपनीचे राज्य मिशनला सदैव विरोधीही नव्हते आणि सदैव अनुकूलही नव्हते. ज्यांना इतिहासात फक्त कळसूत्री बाहुल्या हव्यात त्यांची येथे निराशा होईल.)

६/
खरी कसोटी निकालानंतर लागली. श्रीपत घरी आला, पण त्याला जातीत घ्यावयाचे कसे? तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, तेथील अन्न जेवला होता. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी भूमिका घेतली की प्रायश्चित्त देऊन या मुलाला परत घ्यावे. कर्मठांनी त्याला कडाडून विरोध केला आणि बाळशास्त्रींनाच समाजाच्या रोषाला तोंड द्यावे लागले. बारा वर्षांचे पोर, न्यायालयाने परत दिलेले, बाप कवटाळावयास उभा, आणि वाद कशावर, तर ते कोणाच्या ताटात जेवले यावर! ‘ख्रिस्ती झालेले परत का येत नाहीत’ असे आज जे विचारतात त्यांनी हे प्रकरण एकदा वाचावे. आत जाणारे दार मिशनने उघडले असेल; परतीचे दार कोणी बंद केले, हा प्रश्न बाळशास्त्रींनी त्याच वेळी विचारून ठेवला होता.

७/
नारायण शेषाद्री ख्रिस्तीच राहिले, पुढे पाळक झाले आणि १८६० च्या दशकात जालन्यास आले. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होते. छावणी होती हे खरे, पण महसूल, जमीन, पाटील-पांडे आणि कायदा हे सारे हैदराबादचे. ‘इंग्रजांचे हस्तक’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये म्हणून कंपनी सरकारने १८५० मध्ये एकविसावा कायदा केला, तोही येथे लागू नव्हता. जालन्याच्या ख्रिस्ती माणसाच्या डोक्यावर त्या छत्रीचे छत्रही नव्हते.

८/
येथे शेषाद्रींचे काम प्रामुख्याने मांगांत उभे राहिले. यात काय उलथापालथ होती हे समजण्यासाठी मांगाचे गावातील स्थान आठवावे. दोर वळावे, वाजंत्री वाजवावी, आणि त्याबदल्यात खळ्यावरचे बलुते व सणाचे मागून आणलेले अन्न मिळावे. विहीर निराळी, वस्ती गावाबाहेर. अशा माणसाच्या शेजारी देशावरचा एक ब्राह्मण बसतो, त्याच्या घरचे खातो आणि त्याला अक्षर शिकवितो. ज्या ताटावरून त्याच्या धाकट्या भावाला जातीबाहेर ठेवू पाहिले गेले, त्याच ताटाचा प्रश्न त्याने जालन्यात असा सोडविला. यावर मला तरी भाष्य सुचत नाही.

९/
पण शिकवून भागत नव्हते. बलुतेदाराने देवळापुढे वाजविण्यास नकार दिला की त्याचे बलुते थांबविण्यास गाव मोकळे होते. श्रद्धा ही त्याच्यासाठी रविवारची बाब नव्हती, सुगीची होती. म्हणून शेषाद्रींनी हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून जमीन मिळविली आणि जालन्यानजीक ख्रिस्ती शेतकऱ्यांचे एक गावच वसविले. त्याचे नाव बेथेल. हिब्रू शब्द आहे, अर्थ ‘देवाचे घर’. उत्पत्तीच्या पुस्तकात घरातून पळालेला याकोब उशाला धोंडा घेऊन उघड्यावर निजतो, त्या जागेला तो हे नाव देतो. गावकुसाबाहेर निजणाऱ्यांच्या गावाला याहून समर्पक नाव मला ठाऊक नाही.

१०/
एका मुसलमान दिवाणाने दिलेली जमीन, ब्राह्मण कुळात जन्मलेला पाळक, मांग कुळातील शेतकरी. आणि आपण म्हणावयाचे, हे सारे ‘इंग्रजांनी’ केले! मिशनचा पैसा स्कॉटलंडहून येत होता, हे मी लपवीत नाही. मात्र पैसा कोठून आला यावरून माणसाच्या मनातील निष्ठा ठरविण्याचा नियम लावायचाच असेल, तर तो फर्ग्युसनचे नाव मिरविणाऱ्या महाविद्यालयापासून सर्वांना लावावा.

११/
१८७३ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. जगभरचे प्रॉटेस्टंट पुढारी जमले होते. तेथे शेषाद्री बोलले ते पागोटे बांधून. विवेकानंदांच्या शिकागोच्या वीस वर्षे आधी. तुलना मोठेपणासाठी करीत नाही. ‘ख्रिस्ती झाला की साहेब झाला’ हे समीकरण तेव्हाही खोटे होते, एवढेच सांगावयाचे आहे.

१२/
आता पिठाकडे येऊ. दुष्काळात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली, हे खरे आहे. १८७६-७८ नंतर वाढली आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांतही वाढली. हे नाकारणारा ख्रिस्ती लेखक खोटे बोलतो. पण ‘वाढली’ आणि ‘विकत घेतली’ यांत अंतर आहे. एक उदाहरण तेलुगू मुलखातील आहे. ओंगोलच्या जॉन क्लाऊ या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने दुष्काळात कालव्याच्या खोदकामाचा ठेका घेऊन हजारोंना मजुरी दिली आणि त्या काळात बाप्तिस्मे देणे थांबवून ठेवले, हेतू असा की भाकरीसाठी कोणी येऊ नये. मजुरी संपल्यावर, ३ जुलै १८७८ रोजी, एका दिवसात २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. पीठ संपल्यावर पिठासाठी कोणी येत नाही. ते आले, कारण उपासमारीत कोण आपल्याला माणूस मानून वागले हे त्यांनी पाहिले होते. याला लाच म्हणावयाचे असेल तर जगातील प्रत्येक उपकार लाच आहे.

१३/
शिवाय एक घरगुती दाखला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने काय खाल्ले? रेशनवरचा मिलो, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. माझ्या आजीने खाल्ली, संदेश पाठविणाऱ्यांच्या आज्यांनीही खाल्ली असणार. ती खाऊन कोणी अमेरिकी झाल्याचे माझ्या वाचनात नाही. भुकेला माणूस विचार करू शकत नाही, असे फक्त पोटभर जेवलेल्यालाच वाटते.

१४/
आणि लाभाचाच हिशेब मांडायचा तर पुरा मांडू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. मातंग घरातील दोन सख्खे भाऊ घ्या. एकाने उघडपणे बाप्तिस्मा घेतला की त्याच्या मुलांची त्या प्रवर्गातील सवलत जाते. पंचाहत्तर वर्षे तोटा सोसून जी माणसे आपला धर्म कागदावरही लपवीत नाहीत, त्यांना ‘लालची’ म्हणण्यासाठी फार मोठे धैर्य लागते. (जे कागदावर लपवितात त्यांच्याविषयी मला येथे न्यायाधीश व्हावयाचे नाही. उपाशी ठेवून इमान तपासणाऱ्या नियमाविषयी मात्र बोलेन.)

१५/
आता आरोपाची जी बाजू रास्त आहे ती. मिशनरी प्रचाराची भाषा पुष्कळदा अपमानकारक होती. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी मुंबईत जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला आणि ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली. विल्सन यांनी पुढल्या वर्षी जे उत्तर छापले त्याच्या इंग्रजी नावाचाच अर्थ ‘हिंदू धर्माचा भंडाफोड’ असा होतो. श्रद्धेचे समर्थन करावयास निघालेला माणूस दुसऱ्याच्या श्रद्धेचा पंचनामा करीत बसला की तो आपलीच बाजू दुबळी करतो. पेत्राच्या पत्रात उत्तर देण्यास सिद्ध राहा असे सांगताना सौम्यतेची अट जोडलेली आहे; ती अट आमच्याकडच्या कित्येक प्रचारकांनी वाचलेलीच नसावी, आजही.

१६/
त्या तुलनेत ज्यांनी आपली श्रद्धा जगून दाखविली त्यांचे भांडण बहुधा दोन्हीकडे होते. रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा मिळाला आणि लगेच त्यांचे आपल्या गुरुभगिनींशी खटके उडू लागले. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असे त्या विचारीत. ब्राह्मण पुरोहितांच्या धाकातून सुटलेली बाई इंग्रज पुरोहितांचा धाक घेणार नव्हती. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या काळात सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची काय दशा होते हे त्यांनी वर्तमानपत्रात लिहून गव्हर्नरालाही अडचणीत आणले. हस्तक असे वागत नाहीत.

१७/
नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दोन तपे काढली आणि १९१७ मध्ये त्याच मिशनमधून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. आज आमच्या मंडळीतील उत्साही तरुण अमेरिकी वक्त्यांच्या चित्रफिती पाहून तेच मुद्दे तशाच आवेशात गारखेड्यात मांडतात. नास्तिक कोण, तर ऑक्सफर्डचा. उदाहरण कोणते, तर घड्याळजीचे. अरे, तुमच्या भाषेत दोनशे वर्षांचा वाद पडला आहे, तो कोण वाचणार?

१८/
आणि आमच्या मंडळ्यांनाही एक विचारावयाचे आहे. टिळकांची तसबीर प्रत्येक सभागृहात आहे. बेथेलच्या पहिल्या मांग कुटुंबांपैकी एकाचे तरी नाव कोणी भिंतीवर लावले आहे काय? लग्न जुळविताना मांग ख्रिस्ती, महार ख्रिस्ती ही चौकशी अजून होते की नाही? मी ती स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. बाहेरच्या माणसाने ‘पिठाचे ख्रिस्ती’ म्हटल्यावर आपण जेवढे पेटतो, त्याच्या निम्मे तरी तेव्हा पेटलो असतो तर आजीने भ्रमणध्वनी उपडा ठेवला नसता. तिला उलटून बोलण्याची सवय असती.

१९/
संदेश पाठविणारे गृहस्थ आमच्याच गल्लीतील आहेत, वाईट नाहीत. आजी रुग्णालयात होती तेव्हा त्यांनीच रात्री रिक्षा आणली होती. म्हणून त्यांना गटावर उत्तर न देता मी त्यांच्या घरी गेले. चहा झाला. श्रीपतची गोष्ट सांगितल्यावर ते म्हणाले, “बारा वर्षांचं पोर होतं?” दोनदा म्हणाले. संदेश त्यांनी अजून काढलेला नाही. पण “जालन्याला जाणार असशील तेव्हा सांग” असे म्हणाले.

२०/
पुढील धागा १८५७ च्या मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील वादावर, विष्णुबावा ब्रह्मचारी विरुद्ध मिशनरी. त्यात बावांची बाजू मी पूर्ण ताकदीने मांडणार आहे. ख्रिस्ती वाचकांनी आधीच सावध असावे.