तळे साफ करण्यापूर्वी

ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये नवी मुंबईचा मोठा भाग वसला आहे. १९७० साली हे शहर वसविण्यासाठी सिडकोची स्थापना झाली, तेव्हा येथे आगरी-कोळ्यांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे होती. पुढे शहर वाढले, खाचरे गेली. परंतु कित्येक गावांची तळी अद्याप टिकून आहेत. उंच इमारतींच्या गराड्यात, एखाद्या देवळाच्या पाठीशी, गोड्या पाण्याचे असे एखादे तळे अकस्मात दृष्टीस पडते.

खाडीकाठच्या कांदळवनाचे भाग्य आता उजळले आहे. त्याच्या रक्षणासाठी राज्य शासनाने २०१२ साली स्वतंत्र कक्ष स्थापन केला. खाडीतील रोहित पक्षी पाहावयास तर लोकांच्या झुंडी लोटतात. तळ्यातील वनस्पतींच्या वाट्याला मात्र एकच शब्द येतो, तो म्हणजे घाण! पाण्यावर जरा हिरवे दिसले, की ‘तळे साफ करा’ अशी हाकाटी सुरू होते. ही हाकाटी निम्मी खरी आहे आणि निम्मी अज्ञानातून आलेली आहे.

खरी आहे ती जलपर्णीपुरती. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या जांभळट फुलांवर भुलून माणसांनीच तिला देशोदेशी नेले. सांडपाण्यातील खतासारखी द्रव्ये मिळाली, की ती पंधरवड्याच्या आत दुप्पट होऊ शकते. मुंबईतील पवई तलाव आणि कल्याणजवळची उल्हास नदी यांना तिने कसे ग्रासले, हे तेथील लोक जाणतातच. तिच्या दाट गालिच्याखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही. ती कुजू लागली, की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. तिला काढलेच पाहिजे. मात्र सांडपाणी तसेच येऊ दिले, तर ती पुन्हा येणार हेही तितकेच निश्चित. रोग तसाच ठेवून केवळ घाम पुसावा, तसला तो प्रकार होय.

पण जलपर्णीबरोबर जे सरसकट उपसले जाते, त्याचे काय? हायड्रिला नावाची पाणवनस्पती सर्वांच्या पाहण्यातली आहे. लोक तिला नुसते शेवाळ म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत नरसाळ्याखाली ठेवून जिचे बुडबुडे मोजतात, तीच ही. या बुडबुड्यांची कथा जुनी आहे. १७७९ सालच्या उन्हाळ्यात यान इंगेनहौझ या डच वैद्याने इंग्लंडमध्ये वनस्पतींवर शेकडो प्रयोग केले. पाण्यात बुडविलेल्या हिरव्या पानांवर सूर्यप्रकाश पडला, की प्राणवायूचे बुडबुडे निघतात. अंधार केला, की ते थांबतात आणि उलट वनस्पतीच हवा दूषित करू लागते, असे त्याला आढळले. वनस्पतींना प्रकाश कशासाठी लागतो, हे जगाला असे पाण्यातील पानांनी दाखविले. तळ्यातील मासा दिवसा श्वास घेतो, त्यात अशा वनस्पतींचाही वाटा असतो.

हीच हायड्रिला १९५० नंतरच्या काही वर्षांत शोभेच्या माशांच्या व्यापारातून अमेरिकेत पोहोचली आणि तेथील सरोवरांना तिने जेरीस आणले. म्हणजे तिकडची जलपर्णी इकडे शत्रू झाली, आणि इकडची हायड्रिला तिकडे! कोणती वनस्पती उपकारक आणि कोणती उपद्रवी, हे तिच्या नुसत्या हिरव्या रंगावरून ठरत नाही. ती कोठली, किती वाढली आणि कशामुळे वाढली, हे पाहावे लागते.

महाराष्ट्रातील तळ्यांत व संथ ओढ्यांत व्हॅलिस्नेरिया नावाची एक वनस्पती आढळते. तिची पाने फितीसारखी लांब असतात. तिची नरफुले मोहरीहून लहान असतात. ती पाण्याखालीच तुटतात आणि वर येऊन होड्यांसारखी तरंगू लागतात. मादीफूल लांब, नाजूक देठावर पृष्ठभागापर्यंत येते. त्याच्याभोवती पाणी किंचित खोलगट होते आणि त्या खळग्यात नरफुले घसरत जातात. परागण झाले, की देठाला वेटोळी पडतात व फूल पुन्हा खाली ओढले जाते. फळ पिकते ते पाण्याखाली. हे सारे नाट्य काठावरून जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर घडते, आणि त्याला दिसते ती घाण.

न ओळखण्याची हानी किती मोठी असू शकते, हे साताऱ्याजवळच्या कास पठारावर कळते. तेथे पावसाळी डबक्यांत ‘वायतुरा’ फुलतो. इंग्रजी ‘वाय’ अक्षराप्रमाणे त्याच्या तुऱ्याला दोन फाटे असतात. उन्हाळ्यात डबके आटते, तेव्हा तो जमिनीतील कंदाच्या रूपाने जिवंत राहतो. सह्याद्रीच्या काही पठारांवाचून तो जगात अन्यत्र नाही, आणि शास्त्राने त्याला नाव दिले ते १९८२ साली! त्यापूर्वी कोणी ती डबकी बुजविली असती, तर काय गेले हे कोणाला कळलेही नसते.

याला एक आक्षेप नेहमी घेतला जातो : तळ्यात झाडपाला वाढला, की डास वाढतात. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. दाट पाल्यात डासांच्या अळ्यांना आसरा मिळतो खरा. पण त्या अळ्या खाणारे लहान मासेही अशाच पाल्यात लपून वाढतात. म्हणून विरळणी करावी, निर्मूलन नव्हे. काठाला सिमेंटची उभी भिंत बांधणे तर त्याहून वाईट. उथळ, उतरता काठ नाहीसा झाला, की तेथे उगवणाऱ्या पाणकणसासारख्या वनस्पतींना थाराच उरत नाही.

नवी मुंबईतील कित्येक तळ्यांत गणेशविसर्जनासाठी दगडी बांधाने वेगळा भाग राखलेला आहे. बांधाच्या एका बाजूस काय उगवते आणि दुसऱ्या बाजूस काय, याची नोंद जवळच्या शाळेतील मुलांना वडीलधाऱ्यांच्या सोबतीने काठावरूनच करता येईल. कमळाचे पान पाण्यावर उंच उभे राहते व अखंड गोल असते, कुमुदाचे पान तरंगते व त्याला खाच असते, एवढ्या ओळखीवर आरंभ होऊ शकतो. हायड्रिला पाण्याबाहेर काढताच तिचा ओला गोळा होतो. म्हणून परातीतील पाण्यात कागद बुडवून, त्यावर फांदी पसरून, कागद अलगद वर उचलतात. अशा कागदांची आणि महिनावार नोंदींची एक वही प्रत्येक तळ्याची असावी. ती पाहिल्यावाचून तळ्यात यंत्र उतरविण्याची परवानगी कोणासही मिळू नये.