हिशेबाची वही : मुलाचा पडदा आणि घरचा पैसा

दिघीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. बारावीतल्या मुलाला संगणकासाठी नवा पडदा, म्हणजे मॉनिटर, हवा आहे. साधा 10 हजारांना मिळतो. पण मुलाचा हट्ट 18 हजारांच्या पडद्यासाठी. "खेळताना चित्र फाटत नाही म्हणे. हे खरे, की दुकानदाराची बतावणी?" असे त्या विचारतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्यांच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. नवी रोपे लावली, ती आत्ता कुठे धरू लागली आहेत. अशा घरात 8 हजार म्हणजे थोडी रक्कम नव्हे.

मुलगा खोटे बोलत नाही, हे आधी सांगतो. साधा पडदा सेकंदाला 60 वेळा चित्र नव्याने रंगवतो, अगदी घड्याळासारखा. संगणकातले ग्राफिक्स कार्ड मात्र तसे नेमाने चित्र देत नाही. मोकळे मैदान असले की 90 चित्रे, गर्दी-धुरळा असला की 40.

आपल्याच धक्क्यावरचा दाखला घ्या. आगरदांड्याची बोट ठरल्या मिनिटाला सुटते असे समजा. एसटी मात्र कधी लवकर, कधी उशिरा येते. निम्मे उतारू चढले आणि बोट सुटली, की निम्मे धक्क्यावरच! पडद्यावर तसेच होते. वर नवे चित्र, खाली जुने, मध्ये चीर. यावर जुना उपाय असा, की चित्र पुरे होईपर्यंत पुढच्या फेरीची वाट पाहायची. चीर जाते, पण खेळ अडखळतो आणि हात जड वाटतो. नवा पडदा एसटी आली की मगच बोट सोडतो. वेग चित्राच्या मागे जातो, म्हणून चीरही नाही, अडखळणेही नाही.

मग जादा पैसे कशाचे? 2013 मध्ये एनव्हिडिया कंपनीने जी-सिंक काढले. त्यासाठी पडद्यात वेगळा भाग बसवावा लागे, म्हणून किंमत चढे. 2014 मध्ये व्हेसा या संस्थेने हीच सोय डिस्प्लेपोर्टच्या मानकात घातली. एएमडीचे फ्रीसिंक त्यावरच चालते. 2019 च्या जानेवारीपासून एनव्हिडियाची कार्डेही असे पडदे स्वीकारू लागली. त्यामुळे आज ही सोय पुष्कळ मध्यम किमतीच्या पडद्यांतही असते. केवळ महागड्या नावासाठी निराळे पैसे मोजण्याचे कारण उरलेले नाही.

आता घरचा हिशेब. पैसे काढण्याआधी मुलाला एवढे करायला सांगा :

पहिले, खेळात सेकंदाला किती चित्रे निघतात ते दाखवणारा आकडा असतो. तो आठवडाभर वहीत लिहावा. आकडा 30 च्याही खाली असेल, तर दोष पडद्याचा नाही, कार्डाचा आहे. बैल थकलेला असताना नवी गाडी घेऊन काय उपयोग? आधी खेळातली चित्राची प्रत कमी करून पाहावी. त्याला पैसा लागत नाही.

दुसरे, आकडा 40 ते 100 मध्ये वरखाली होत असेल, तर या सोयीचा गुण खरोखर दिसतो.

तिसरे, खेळ स्थिर 60 वर चालत असेल, किंवा संगणक अभ्यास, सातबारा आणि चित्रपट यांसाठीच असेल, तर साधा पडदा पुरे.

चौथे, घ्यायचाच झाला तर पडदा किती ते किती वेगात साथ देतो हे विचारावे. 48 ते 144 असेल तर बरे. वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून जास्त असला, की चित्रे कमी पडल्यावर तेच चित्र दोनदा दाखवून वेळ भागवता येते. तार योग्य घ्यावी आणि संगणकात ही सोय चालू करावी. 144 चा पडदा आणून 60 वरच चालवणारे पुष्कळ आहेत!

भगिनींनो, मुलाला "खेळाचे वेड" म्हणून झिडकारू नका. वही त्याच्याच हाती द्या. आकड्यांनी गरज पटली, तर 10 हजारांच्या आसपास ही सोय असलेला पडदा शोधा. उरलेला पैसा बागेच्या पाण्याला लागेल. आणि गरज पटली नाही, तर हट्ट त्याचा तोच सोडील. आईने नाही म्हटले ही सल मनात राहणार नाही.